पवित्र गुरुवारची टाच

सासष्टी,
ईस्टरचा सोमवार

आदरणीय माना एर्मेलिंदा,

ईस्टरचं बेसांव, तुमचा आशीर्वाद, मागते. बेळगावात सकाळी अजून थोडा गारवा असेल, तुमचा खोकला उतरला असेल, साखर आटोक्यात असेल आणि दोन्ही मांजरं पोटभर खाऊन खिडकीत पसरली असतील, अशी आशा करते. (सिस्टर बेनेदिता शिकवायच्या, की पत्रात आधी समोरच्याची तब्येत, मग हवामान, आणि मग जागा उरलीच तर स्वतःचं रडगाणं. तुम्ही शाळेत माझ्या पुढे, तेव्हापासूनच माझ्या माना, थोरल्या ताई; तुम्हालाही हेच शिकवलं असणार. पण तुम्ही आता फोनच करता, आणि फोनवर हा क्रम राहत नाही.) इथे तुमची मांय पलंगावरच आहे, पण ठीक आहे. पेज जाते, भूक आहे, आवाज तर पहिल्यापेक्षा खणखणीत झालाय. उशाशी ठेवलेली घंटी वाजवायची तिला गरज नाही, तरी वाजवते.

तुम्ही रविवारी फोनवर विचारलंत, की गुरुवारी खुर्चीवर कोण बसलं. तेव्हा मांयला कुशीवर वळवत होते, म्हणून नुसतं "मीच" म्हणाले. ते सगळं आता नीट लिहिते, कारण त्या "मीच"पर्यंत पोचायला मला चाळीस दिवसांच्या उपासाचा अख्खा चाळिसावा लागला.

येशूने शिष्यांचे धुतले तसे पवित्र गुरुवारी इगर्जीत वेदीसमोर फादर ज्या बारा जणांचे पाय धुतात, त्यातली शेवटून दुसरी खुर्ची आपल्या घराची. आधी तुमचे वडील बसले, मग तुमचा भाऊ लुकास बसला. लुकास गेल्यापासून ती खुर्ची मांडली जात होती, पण रिकामीच. यंदा कायतानने (तो आता इगर्जीच्या मंडळाचा मुख्य झालाय, आणि तेव्हापासून घरीसुद्धा खाकरून मगच बोलतो असं त्याची बायको सांगते) ठराव मांडला, की खुर्ची त्याच्या पुतण्याला द्यावी. फादर एल्विन तरुण आहेत, ते म्हणाले, त्या घरात माणूस आहे की, पिएदादबायना विचारा. त्यावर कायतान म्हणाला, "फादर, बायकांचे पाय नाजूक असतात. तुम्हालाच संकोच होईल." यंदा कुणी बसलं नाही तर खुर्ची गेली, असं ठरलं. मी तिथल्या तिथे सांगितलं, की बसेन. घरी आले, पाय धुवायला विहिरीवर गेले, आणि खाली बघितलं.

माना, नाजूक हा शब्द माझ्या पायांसाठी याआधी कुणी वापरला नव्हता आणि पुढेही कुणी वापरणार नाही. पावसाळ्यानंतर कोरडं पडलेलं शेत असतं ना, तशा टाचा. कडा पांढऱ्या, आतून लाल, आणि चादरीवर पाय फिरवला तर चादरीचे धागे ओढले जातात. दिवसभर ओली फरशी, विहिरीचा कठडा, मांयचे कपडे, परत ओली फरशी. त्यात टाचांनी तरी काय करावं. शाळेत सिस्टर बुटांना पॉलिश आहे का ते बघायच्या आणि आपण त्या बुटांत चेहरा बघायचो. त्या बुटांच्या आत जे पाय होते ते आता कुठे गेले, असं मला कधीकधी वाटतं. चांगले पाय होते हो. लग्नात लुकास म्हणाला होता, की हिचे पाय मासळीसारखे आहेत. (त्या वेळी मला राग आला होता. त्याच्या दृष्टीने ती मोठी स्तुती होती, हे कळायला दोन-तीन वर्षं गेली.)

उपचारांची सुरुवात अर्थात मांयने केली. पलंगावरून हुकूम सुटला, भिरंडेल काढ. कोकमाच्या बियांच्या तेलाचा तो थिजलेला मुटका आपल्या कपाटात तुमच्या लहानपणापासून असावा. दिव्यावर वितळवून थेंब थेंब भेगेत सोडायचं. मी जरा निवू दिलं, तर मांय म्हणाली, "थंड करून काय सोडतेस, बाप्तिस्मा आहे का? कढत सोड. तू ओरडली नाहीस म्हणजे ते आत पोचलं नाही." पोचलं. शेजारची शेवंतीबाय धावत आली, मांयला काही झालं असं समजून.

शेवंतीबाय आली ती स्वतःचा उपाय घेऊनच. वडाचा चीक. तिच्या सासऱ्यांच्या टाचा त्याने लोण्यासारख्या झाल्या होत्या म्हणे. चीक भेगांत भरला, झोपले. पहाटे मांयची घंटी वाजली, मी उठून धावले, तर चादर माझ्याबरोबर आली. दोन्ही टाचांना चिकटलेली. तशीच ओढत ओढत ओसरीवरून जाताना पोदेर पाव घेऊन दारात उभा. त्याने सायकलवरून बघितलं आणि विचारलं, "माना, नवरी कुठे निघाली?" मी पाव घेतले. चादर कात्रीने कापावी लागली. (तुम्ही दिलेली, फुलांची. माफ करा.)

मग मीठ आणि लिंबाचं गरम पाणी झालं, त्याने फक्त भेगा कुठे कुठे आहेत ते नीट कळलं. मग मांयच्या सांगण्यावरून फेणी चोळली. उरलेली तिने मागून घेतली, औषध वाया जाऊ नये म्हणून. त्या दिवशी दुपारी घंटी वाजली नाही, एवढा त्या उपायाचा गुण मला आला.

शेवटी राहिलं मेण. खोबरेल आणि मेण वितळवून लेप करायचा, हे मला सगळ्यांनी सांगितलं. मेण आणायला मडगावपर्यंत कोण जाणार, मांयजवळ कोण बसणार? घरात फेब्रुवारीत आशीर्वाद घेतलेल्या मेणबत्त्या होत्या, वीज कडाडली की लावायच्या. त्यातली दोन थोटकं मी घेतली. आशीर्वादाची वस्तू आहे, टाकायची नसते, आणि अंगाला लावली तर वाया तर गेली नाही ना, असा मी मनाशी वाद घातला आणि जिंकले. मांयला वासावरून कळलं. तिने फक्त एवढंच विचारलं, "आता वीज पडायला आली की काय करशील? खिडकीत पाय ठेवशील?"

पण गुण आला. बुधवारपर्यंत भेगा बुजल्या. खऱ्या बुजल्या नव्हत्या, भिंतीला लांबी भरतात तशा भरल्या होत्या, पण दिसायला गुळगुळीत. गुरुवारी शेवंतीबाय मांयजवळ बसली, मी करड्या रंगाचा झगा घातला आणि निघाले.

घरून पाय घासूनपुसून आणायचे आणि मग ते फादरकडून धुऊन घ्यायचे, ही आपल्या गावाची जुनी रीत आहेच. यंदा कायतानने कळस केला. शेजारच्या खुर्चीवर बसून त्याने मोजा काढला, तर नखं चकचकीत. मडगावच्या पार्लरमध्ये जाऊन आला होता, आणि तिथल्या मुलीने न विचारता बिनरंगाचं पॉलिश लावून दिलं होतं. मी बघितलं हे त्याने बघितलं. "पिएदाद," तो खाकरून कुजबुजला, "गावात बोलू नकोस." मी म्हटलं, "नाजूक दिसतायत, कायताना." तो पुढे सगळा वेळ क्रुसाकडे बघत बसला.

फादर एल्विन गुडघ्यांवर बसत बसत आले. मी उजवा पाय पुढे केला. त्यांनी पाणी ओतलं आणि ते पाणी, माना, अळवाच्या पानावरून घरंगळतं तसं थेंब थेंब होऊन घरंगळलं. टाच कोरडीच. त्यांनी पुन्हा ओतलं. पुन्हा तेच. चौथ्या बाकापर्यंतच्या लोकांनी माना उंचावल्या. मग ते टॉवेलने पुसायला गेले तर मेणाचा एक पापुद्रा टॉवेलबरोबर निघाला, आणि त्याखाली जे होतं ते सगळं उघडं पडलं, थोडं रक्तही. मला वाटलं, झालं, खुर्ची गेली. फादरनी टॉवेल बाजूला ठेवला. टाच तळहातात धरली, मांयचं डोकं मी उशीवर ठेवते तितक्या हलक्या हाताने, आणि मान वर न करता विचारलं, "दुखतंय का?"

मी म्हटलं, "नाही, फादर."

त्यांनी पायाचं चुंबन घेतलं आणि कायतानच्या चकचकीत नखांकडे सरकले. खुर्ची घराचीच राहिली. बाहेर आल्यावर कायतान स्वतः म्हणाला, पुढच्या वर्षीही तूच बस. (नखांमुळे म्हणाला असेल.) तर असा हा गुरुवार. तुम्ही काळजी करू नका, आमचं सगळं उत्तम चाललं आहे. तब्येतीला जपा, जिना हळू उतरा, मांजरांना माझी आठवण सांगा.

तुमची भावजय,
पिएदाद

ता.क. मागे फोनवर म्हणालात तसं महागाचं क्रीम पाठवू नका. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, क्रीमने काय होणार, महिनाभर पाय पाण्यात घालू नका आणि उभं राहू नका. मी हसले. ते हसले नाहीत.

ता.क. दुसरं. शनिवारी कुमसाराला, पापं कबूल करायला, गेले. बाहेरून आलेले म्हातारे पाद्री होते, त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे अर्ध्या रांगेला कळलं, की मी पवित्र गुरुवारी वेदीसमोर फादरशी खोटं बोलले. मला वाटलं प्रार्थना म्हणायला सांगतील. त्यांनी विचारलं, घरात आणखी कोण आहे? मी सांगितलं, अंथरुणाला खिळलेली सासू, बाकी कुणी नाही, नणंद आहे, पण ती बेळगावात. तर म्हणाले, मग जे फादरला सांगितलं नाहीस ते तिला सांग, तेवढंच प्रायश्चित्त. म्हणून लिहिते. दुखतंय, माना. सकाळी पहिलं पाऊल टाकते तेव्हा भिंत धरावी लागते. गेल्या आठवड्यात मांयला उचलताना पाय घसरला, दोघी पलंगावर पडलो म्हणून बरं. जमलं तर मे महिन्यात थोडे दिवस याल का? मांजरं घेऊन आलात तरी चालेल.

ता.क. तिसरं. पत्र बंद करण्याआधी मांयला वाचून दाखवलं. फेणीचं तेवढं गाळायला सांगितलं तिने, मी गाळलेलं नाही. मग म्हणाली, टाच दाखव. चष्मा लावून दोन्ही बघितल्या, बराच वेळ, बोटाने चाचपून. मग मला म्हणाली, "एर्मेलिनला लिही, मे कशाला? आंबे खायला येतेय का ती? उद्याच्या गाडीत बस म्हणावं."