बाद कापडाचे चार तुकडे

२ मे, शुक्रवार

आणि वर मलाच विचारते, आई तुला जमेल का! मला! सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत सात वॉर्डांच्या चादरी काढल्या, दोन पोरं स्वतःच्या हातांनी वाढवली, आणि आता नातवंडं सांभाळायची तर माझी परीक्षा. विहीणबाईंचा गुडघा सुजलाय. शाळेला सुट्ट्या लागल्यात. सरळ आहे, पोरं माझ्याकडे यायला हवीत. पण नाही. लेकीने आधी पाळणाघरात विचारलं, मग शेजारणीला, मग ऑफिसात रजा मागितली. तीही मिळाली नाही तेव्हा चौथ्या नंबरला मी. हे मला जावयांनी सांगितलं. त्यांना वाटलं मला आनंद होईल.

मी म्हटलं, अख्खा महिना दोघंही माझ्याकडे. ती म्हणाली, एक आठवडा, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. ट्रायल. जमलं तर इथून पुढे सगळ्या सुट्ट्या तुझ्याकडे. ट्रायल! मी काय नवीन मशीन आहे, पाणी गळतंय का बघायला?

आणखी म्हणाली, आई, तू बोललेलं फिरवतेस. म्हणून आजपासून सगळं लिहून ठेवणार. लॉन्ड्रीचं जुनं रजिस्टर आहे, मागची पानं कोरी. चौथीपर्यंतच शिकलेय, पण वॉर्डाचे आकडे रोज मीच लिहिते आणि अजून कुणाला चूक सापडलेली नाही. ही वही दुसऱ्या कुणी वाचायची नाही.

३ मे, शनिवार

आठ दिवसांची रजा टाकली. मुकादम म्हणाला, एवढी? मी म्हटलं, सव्वीस वर्षांत किती घेतली ते बघ आधी. सही केली त्याने.

टाइमटेबल लिहून भिंतीला चिकटवलं. आठला दूध. साडेआठला आंघोळ. नऊ ते अकरा काम. अकराला खेळ, वीस मिनिटं. साडेबाराला जेवण. एक ते तीन झोप. आवाज बंद.

पोरांच्या कपड्यांना नंबराच्या पट्ट्या शिवणार. मोठा सात वर्षांचा, तो एक. धाकटी चार वर्षांची, ती दोन. लॉन्ड्रीत पट्टी नसलेला कपडा बेवारशी.

आमचे हे टाइमटेबल वाचून म्हणाले, अगं, आपली पोरं लहान होती तेव्हा असलं काही नव्हतं. मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत, तुम्ही कुठे होतात? तर म्हणाले, मी वॉचमनच्या ड्युटीवर, आणि तू? रिकाम्या माणसाला फाटे फोडायला फार वेळ असतो.

बहीण होती तेव्हा माझी मदतीला. ते मी नाकारत नाही. थोडीशी मदत. म्हणजे दिवसा. आणि माझी नाइट असली की रात्री. बाकी सगळं मीच.

५ मे, सोमवार

सकाळी ८.१०. दहा मिनिटं उशीर. पहिला मुद्दा लेकीच्या विरोधात.

तिने दोन पानांची यादी हातात दिली. आई, नीट वाच. पहिली ओळ तरी वाच. मी हो म्हटलं. ज्या बाईने दोन पोरं वाढवली तिला यादी कसली देतेस? स्वयंपाकघरातलं टेबल महिनाभर डुगडुगत होतं, चार घड्या घालून त्याच्या पायाखाली सारली. आता हलत नाही. पहिल्यांदा लेकीचा काही उपयोग झाला.

धाकटीच्या हातात एक चिंधी. चिंधीचं नाव नीनी. वीतभर रुंद, हातभर लांब, रंग सांगता येणार नाही असा. एक कोपरा कायम तोंडात. मी म्हटलं टाक ते. तिने माझ्याकडे असं बघितलं की मुकादमसुद्धा बघत नाही.

नऊ ते अकरा काम. नॅपकिनच्या घड्या, दहादहाचे गठ्ठे. मोठ्याने चाळीस केल्या! म्हणाला, आजी, हे मस्त आहे. बघा. विहीणबाई त्यांना टीव्ही दाखवतात.

मग विचारतो, आजी, आई लहान असताना तिला शाळेत कोण सोडायचं? मी म्हटलं, मी. म्हणाला, आई म्हणते मावशीआजी. मी म्हटलं, घडी तिरकी आलीय, उलगड.

झोप: मोठा नाही. धाकटी नाही. हे मात्र तीन तास.

संध्याकाळी लेक आली. मी म्हटलं, काडीचा त्रास नाही. तिने धाकटीच्या कपाळाचं टेंगूळ बघितलं. मी म्हटलं, स्टूल खराब आहे.

६ मे, मंगळवार

९.२० मोठा म्हणतो आज घड्या नको. काल मस्त होत्या, आज नको. बापावर गेलाय.

१०.०५ धाकटी मला चावली. नंबराची पट्टी मानेला टोचते म्हणून. मी कात्रीने काढली, तर फ्रॉकही थोडा निघाला.

१२.३० जेवली नाहीत म्हणजे नाहीत. दोघंही. यांनी माझ्या पाठीमागे बिस्किटं दिली. घरातच फितुरी असेल तर शिस्त कशी लागणार?

१.१५ धाकटी आडवी झाली, चिंधी नाकाला लावून. दोन मिनिटांत झोपली. तो वास! आंबूस दूध, माती, लाळ. सव्वीस वर्षं मी माणसांच्या अंगाखालचे कपडे उचललेत, पण हे माझ्या घरात, माझ्या उशीवर.

उद्या त्याचा बंदोबस्त करणार. ट्रायल माझ्या खिशात आहे. लेक रविवारी स्वतःहून म्हणेल, आई, चुकले.

७ मे, बुधवार

११.४० चिंधी तपासली. रीतसर. मनात आलं म्हणून काही केलेलं नाही, ते इथे लिहून ठेवते. आमच्याकडे कपडा बाद करायची पद्धत आहे. खिडकीशी उजेडात धरायचा. पलीकडचं दिसलं, एक. बोट आरपार गेलं, दोन. शिवण धरून ओढली आणि सुटली, तीन. तिन्ही झालं की बाद. आणि बाद झाला की तिथल्या तिथे चार तुकडे करायचे, नाहीतर कुणीतरी पिशवीत घालून घरी नेतं. पुसायला जातात ते तुकडे.

नीनी तिन्हीत बाद. कात्री हातात होतीच. हात आपोआप चालतो. चार तुकडे.

धाकटी समोर उभी होती. आधी आवाजच आला नाही. तोंड उघडं, आवाज नाही. मला वाटलं, बरं झालं, समजूतदार आहे.

मग आला.

१२.३० अजून चालू.

१.०० मी म्हटलं, तुला नवीन पांढराशुभ्र नॅपकिन देते, हॉस्पिटलचा, एक नंबर. तिने तो माझ्या तोंडावर मारला.

२.१५ मोठ्याने यांच्या मोबाइलवरून आईला फोन केला. मी ऐकलं. आजीने नीनीला मारून टाकलं, म्हणाला. आणि हे बाजूला उभे राहून नंबर लावून देत होते!

३.०० लेक आली. ऑफिसातून, अर्ध्या दिवसात. ओरडली असती तर मी दोन शब्द जास्तच सुनावले असते. ओरडली नाही. तुकडे बघितले, धाकटीला कडेवर घेतलं, मोठ्याचा हात धरला. दारात एवढंच म्हणाली, आई, तू तर हात लावून कापड ओळखतेस ना?

मी म्हटलं, ओळखतेच. डोळे बांधून दे, वॉर्ड सांगेन. ती गेली.

८ मे, गुरुवार

पोरं आली नाहीत. ट्रायल आठवड्याची ठरली होती, झाले तीन दिवस. शब्द कोण फिरवतंय? लिहून ठेवलंय म्हणून बरं.

फोन केला, जावयांनी उचलला. म्हणाले, आई, ती बाथरूममध्ये आहे. दीड तासाने केला, अजून बाथरूममध्ये. इतक्या वेळात आमच्याकडे वॉर्डभर चादरी धुऊन होतात.

आणि विहीणबाई गुडघा स्टुलावर ठेवून परत ड्युटीवर. सुजलेल्या गुडघ्याची बाई चालते, मी चालत नाही.

एका चिंधीवरून. मी काय केलं? हॉस्पिटलात याच कामासाठी मला मानतात.

११ मे, रविवार

यांनी टेबल सरकवलं आणि यादी बाहेर आली. फेकायलाच घेतली होती. पण घरात दुसरं काही करायला नव्हतं. पोरं असती तर वेळ मिळाला नसता.

पहिली ओळ लाल पेनाने.

नीनी धुवायची नाही. आई, हा तुझाच निळा गाऊन आहे. मी लहानपणी घेऊन झोपायचे तो. आता ती झोपते. उरलाय तेवढाच आहे.

दुसरी ओळ दूध कोमट हवं. पुढचं वाचलं नाही.

निळा गाऊन. पांढरी बटणं. दाराच्या मागे खुंटीला असायचा. मी शिफ्टवरून यायचे तर खुंटी रिकामी. गाऊन पोरीच्या अंथरुणात, तिच्या मुठीत, चुरगळलेला. मी ओढून घ्यायचे. घाण करतेस, म्हणायचे, परत हात लावलास तर बघ. एकदा फटका पण दिला होता. ती गाऊन सोडायची नाही. बहीण म्हणायची, अगं राहू दे, तुझा वास येतो म्हणून घेते ती. मी म्हणायचे, माझा वास म्हणजे सोडा आणि ब्लीच, त्यात काय आहे? मग गाऊन हरवला. बहिणीनेच फेकला असं मी धरून चालले होते. दोन महिने बोलले नव्हते तिच्याशी.

पंचवीस वर्षांचं कापड ओळखायचं कसं? कुणीच ओळखलं नसतं. रंग गेला, बटणं गेली, पोत गेला. कुणीही बाद केलं असतं. आणि माहीत होतं तर तोंडाने सांगायचं. यादीत लिहून काय होतं? चूक सरळसरळ तिची.

हे म्हणाले, डोळ्यांत काय गेलं? मी म्हटलं, तुमचं टेबल.

१३ मे, मंगळवार

चारही तुकडे शोधले. एक भांड्यांच्या कपाटात. दोन बाथरूमच्या बादलीत. चौथ्याने यांनी सायकल पुसली होती, ग्रीससकट. या माणसाला घरात एवढंच कापड सापडलं!

कामावर नेले. जेवणाच्या सुट्टीत शिवले, दुहेरी टीप. पण ग्रीस, माती, लाळ, असं द्यायचं कसं? मी कुणाला घाण वस्तू देत नाही. सोडा टाकला, गरम धुलाई, दोनदा, मग इस्त्री. असं काम सव्वीस वर्षांत केलं नसेल. सांधा शोधून दाखवावा. मुकादम म्हणाला, हे कुठल्या वॉर्डाचं? मी म्हटलं, तुझ्या रजिस्टरात नाही.

उद्या हे नेऊन देतील. परवा पोरं माझ्याकडे. लिहून ठेवते.

१५ मे, गुरुवार

यांना एक काम धड सांगता येत नाही. चार वेळा विचारल्यावर कळलं ते असं. धाकटीने घेतलं. नाकाला लावलं. उलटं करून परत लावलं. मग यांच्या हातात परत दिलं आणि म्हणाली, आजोबा, ही नाही.

मी म्हटलं, तुम्ही सांगितलं नाही तीच आहे म्हणून? हे म्हणाले, सांगितलं, ती म्हणाली, हिला कुणाचाच वास येत नाही.

लेक काय म्हणाली? काही नाही, पिशवीत घालून कपाटात ठेवली. विहीणबाई? त्या म्हणाल्या, किती स्वच्छ धुतलंय हो. ती बाई मला खिजवते आहे.

संपलं. आता मी कुणाच्या वाटेला जाणार नाही. पोरं त्यांची, सुट्ट्या त्यांच्या. मला माझं काम आहे, सात वॉर्ड आहेत.

१६ मे, शुक्रवार

नवीन गाऊन घातला. हिरवा. सहज. याचा कशाशी संबंध नाही.

१८ मे, रविवार

गाऊन बदललेला नाही. यांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, पाणी कमी येतंय. नळ समोरच धो धो चालू होता.

याच गाऊनवर स्वयंपाक केला, त्यातच झोपले. कोपराला डाग पडलाय. हात शिवशिवतात. दोनदा बादलीपाशी गेले आणि परत आले. मी, जी दुसऱ्याच्या शर्टाची कॉलर बघून नाक मुरडते! कुणाला सांगून पटणार नाही. सांगणारही नाही.

२० मे, मंगळवार

पाचवा दिवस. वास मारतोय. सोडा नाही, ब्लीच नाही, नुसतं माणूस. मलाच माहीत नव्हता माझा वास असा असतो. फोडणी आणि घाम. वाईट आहे. पण आहे.

घडी घातली नाही. इस्त्री नाही. पट्टी नाही. कात्री दुसऱ्या खोलीत ठेवली. पिशवीत भरला आणि यांना दारात उभं करून चिठ्ठी लिहिली. शब्द फिरवते म्हणतात, म्हणून तीच इथे उतरवते.

पोरी, अख्खा महिना मागत नाही. आठवडा पण नाही. पोरांना पाठव असं म्हणत नाही. तू यादीत लिहिण्याऐवजी तोंडाने सांगायला हवं होतंस, हे मी अजून म्हणते. सोबत गाऊन आहे. धुतलेला नाही, तू पण धुऊ नकोस, तुझ्या सासूला हात लावू देऊ नकोस. आधी धाकटीला दे. तिला नको असेल तर तू बघ. दोघींपैकी एकीने ठेवला की नाही, एवढंच कळव. जावयांकडून निरोप नको, बाथरूममध्ये आहे चालणार नाही. शनिवारी मला सुट्टी आहे, मी घरीच आहे. शनिवारी दुपारी चारच्या आत उत्तर पाहिजे.