एकोणीस नोव्हेंबरचा फळा

६ ऑक्टोबर
आज कुणी जन्मलं नाही, कुणी मेलं नाही, कुणाचं पुस्तकही निघालं नाही! कोश, जुनी वर्तमानपत्रं, सगळं पालथं घातलं. शेवटी ग्रंथालयाच्या दारातल्या दिनविशेषाच्या फळ्यावर मधमाशीपालनाच्या कुठल्याशा पुस्तिकेची पहिली आवृत्ती लिहून मोकळी झाले. समोर पावाची रांग. रांगेतले लोक फळा वाचतात, दुसरं करणार काय? निकासियो मास्तर आले, चष्मा पुसून वाचलं आणि म्हणाले, उद्यापासून कोंबड्यांचेही वाढदिवस लिहीत जा. खडूस म्हातारा! निवृत्त झाला, पण तपासायची खोड गेली नाही. माझी एक तारीख चुकली की आठवडाभर पिच्छा सोडत नाही.

संध्याकाळी समुद्रापलीकडच्या टँपाहून एवेलियोचा फोन. धाकटा भाऊ माझा. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि त्यावरही विनोद चालूच. मग हळूच म्हणाला, येत्या एकोणीस नोव्हेंबरला माझ्या पुस्तकाला पंचवीस वर्षं होतात. एकुलतं एक पुस्तक त्याचं. देशात कागद नव्हता तेव्हा पुड्या बांधायच्या तपकिरी कागदावर छापलेलं. इथेच चौकात प्रकाशन झालं, आई पहिल्या बाकावर बसून रडली होती.

"एकदा तुझ्या फळ्यावर लिही ना, ताई. फोटो पाठव."

मी म्हटलं, लिहिते की, त्यात काय!

७ ऑक्टोबर
त्यात काय म्हणे! तो देश सोडून गेल्यापासून त्याचं नाव ग्रंथालयात कुणी मोठ्याने घेतलेलं नाही. बोलून बसले खरी, आता निस्तरायचं कसं?

९ ऑक्टोबर
मायेलीनला विचारलं. आमची संचालिका. माझ्या मुलीच्या वयाची, वाईट नाही पोरगी. उठून दार लावून घेतलं तिने, तेव्हाच समजायचं ते समजले. जे निघून गेले त्यांना आपण फळ्यावर घेत नाही, म्हणाली. मी विचारलं, कुठे लिहिलंय तसं, दाखव.

"लिहिलेलं कुठेच नाही, ओदालिसबाई. तीच तर पंचाईत आहे. लिहिलेलं असतं तर परवानगी तरी मागता आली असती."

मग त्या पॅरिसला गेलेल्या कादंबरीकाराची जन्मतिथी दरवर्षी लिहितो ती कशी? तर म्हणे, ते वारले ना. मेलेला माणूस उद्या उठून कुठे मुलाखत देत नाही. आणि स्वतःच ओशाळली. मला कॉफी दिली. रेशनची, वाटाणे भाजून घातलेली, कडूजहर. प्यायले.

१० ऑक्टोबर
घेवडा करपला. शेजारणीवर ओरडले. तिचा काही संबंध नव्हता.

१८ ऑक्टोबर
एवेलियोचा आवाज बारीक झालाय. विचारत होता, फोटोत पावाची रांग येईल ना? रांगेसकट काढ. म्हणाला, इकडे टँपात लोक रांगेत उभे राहतात, पण फोनमध्ये डोकं घालून, भिंतीवरचं कुणी वाचत नाही. मायेलीन काय म्हणाली ते सांगितलं नाही. हो, येईल रांग, म्हटलं. खोटं बोलताना माझा आवाज इतका गोड कसा होतो कोण जाणे!

२५ ऑक्टोबर
दुपारभर वीज नाही. मास्तर पायरीवर वारा घेत बसले होते, सगळं सांगून टाकलं त्यांना. वाटलं होतं टोमणा मारतील. तर म्हणाले, त्या दिवशी मी सकाळी रांगेत पहिला उभा राहतो. कुणी पुसायला आलं तर म्हाताऱ्याला आधी बाजूला करावं लागेल.

मला रडूच आलं. मेला, इतकी वर्षं छळलं मला याने!

२ नोव्हेंबर
ठरलं. न विचारता लिहायचं. मायेलीन साडेआठला येते, मी साडेसातला लिहून फोटो काढून मोकळी. पुढचं पुढे. पेन्शनला दोन वर्षं उरली आहेत. काढलं तर काढलं.

काढलं तर खाऊ काय?

नाही. ठरलं म्हणजे ठरलं.

८ नोव्हेंबर
फोन इराइदाने उचलला, एवेलियोच्या बायकोने. कालपासून तो इस्पितळात आहे. फुप्फुसात पाणी भरलंय. मागून त्याचा आवाज आला, "तिला म्हणावं, एकोणीसपर्यंत थांबतो मी. पण तारीख पुढे ढकलू नकोस."

एका जागी बसवत नाही. पुस्तकं लावली, काढली, परत लावली. वाचकाला भलतंच पुस्तक दिलं.

९ नोव्हेंबर
उद्याच लिहिलं तर? पण उद्या त्याचं पुस्तक निघालेलं नाही. आयुष्यभर फळ्यावर खोटी तारीख टाकली नाही मी. लोक काही म्हणोत, तारखेच्या बाबतीत ओदालिसकडे बोट दाखवायची कुणाची टाप नाही. भावासाठीच खोटी टाकायची?

आणखी थोडेच दिवस. थांबतो म्हणालाय. हट्टी आहे, थांबेल.

११ नोव्हेंबर
इराइदा म्हणाली, ओळख विसरायला लागलाय. मधेच विचारतो, फोटो आला का?

आग लागो त्या तारखेला! उद्या सकाळीच लिहिणार. चुकीची तर चुकीची. मास्तरांना सांगून आले. तारखेवरून ते ओरडतील असं वाटलं होतं. म्हणाले, एकोणीस काय नि बारा काय, साडेसातला येतो. खडू, ओलं फडकं, फोन, सगळं पिशवीत भरून ठेवलंय.

१२ नोव्हेंबर
इराइदाचा फोन पहाटेच आला. एवेलियो गेला.

पिशवी घरीच राहिली. साडेआठनंतर रजा मागायला ग्रंथालयात गेले. मायेलीनने मला जवळ घेतलं, खूप वेळ सोडलं नाही. माझ्यापेक्षा तीच जास्त रडली. मग डोळे पुसून, माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाली, "रजा घ्या हवी तेवढी. पण एकोणीसला या, ओदालिसबाई. लिहा त्यांचं नाव. आता काही हरकत नाही."