मायणीचा काळा रोहित

आण्णा, मायणीच्या तलावावरचा तो रोल परवा सापडला. सांगलीतला तुमचा स्टुडिओ बंद केला तेव्हा निगेटिव्हचे डबे मी घरी आणून माळ्यावर टाकले होते. ते उघडायचा धीर मला इतकी वर्षं झाला नाही, कारण त्यातल्या एका रोलवर माझी करणी होती आणि ती तुम्हाला कधीच कळली नाही, अशी माझी समजूत होती.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी कॉलेजात. फौजेतले मामा सुट्टीवर आले ते तुमच्यासाठी नवा कॅमेरा घेऊनच. दिवसभर नवरा-नवरीला "हलू नका" म्हणणारा माणूस रविवारी उडत्या पक्ष्यांच्या मागे धावतो, याचं मामांना भारी कौतुक. "दाजी, आता डोकं चालवायचं कामच न्हाई. ह्ये चाक ऑटोवर ठेवा अन् बंदुकीवानी दाबा. उजेड कॅमेराच मोजतोय." तुम्ही कॅमेरा उलटासुलटा करून पाहिलात. "यंत्राला पाखरू कंचं अन् आभाळ कंचं, कळतंय व्हय? आभाळाचा उजेड मोजंल अन् पाखराचा कोळसा करंल." मामा हसले. मीही हसले, कारण मला मामांचंच पटलं होतं. तुमचा हेकटपणा मला तेव्हा फार खुपायचा.

पुढच्या रविवारी आपण एसटीने विट्यावरून मायणीला गेलो. थंडीचे दिवस, उथळ पाण्यात रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा. तुम्ही बांधावरच्या गवतावर कॅमेरा रोखून उजेड मोजता, शटरच्या वेगाचं चाक अडीचशेवर आणता. "गवतावर जो उजेड, त्योच पाखरावर. आता आभाळाकडं ध्यान द्यायचं न्हाई." मग कॅमेरा माझ्या हातात देऊन तुम्ही चपला काढायला वाकता, आणि मी चाक ऑटोवर फिरवते. चुकून नाही, आण्णा, मुद्दाम. फोटो झकास येतील आणि मग तुम्हाला सांगेन, असा माझा बेत. तेवढ्यात थवा उठला. तुम्ही न बघता हात पुढे केलात, मी कॅमेरा दिला. खटाखट सहा-सात फोटो झाले. थवा वळून परत येईपर्यंत तुम्ही खाली मान घालून सदऱ्याच्या टोकाने कॅमेरा पुसत होतात. मग उरलेला रोल संपवलात आणि गाडी येईपर्यंत माझ्याशी उसाच्या भावावर बोलत बसलात.

दोन दिवसांनी स्टुडिओच्या काचेत एक मोठा फोटो लागला. पंख पसरलेला रोहित, सगळा काळाकुट्ट. गिऱ्हाईकं विचारायची, "मास्तर, फोटू काळा पडलाय की वो!" तुम्ही म्हणायचात, "हात चुकला माझा." मी तिथेच टेबलाशी पासपोर्टच्या फोटोंच्या कडा कापत असायचे. सांगावं असं दर वेळी वाटायचं, आणि दर वेळी मी पुढच्या फोटोला कात्री लावायचे. सगळा रोल मी घालवला आणि त्यातल्या त्यात बरा तेवढा तुम्ही लावलात, असं मी धरून चालले. त्यानंतर तुम्ही मायणीला गेला नाहीत. आई सांगायची, "अगं, गुडघा धरलाय त्यांचा." माझा विश्वास बसला नाही. तुमचा स्वतःच्या हातावरचा भरवसा मी मोडला, हेच मनात घेऊन बसले. तुम्ही गेलात त्या दिवशी मी त्यासाठीही रडले.

परवा ती निगेटिव्ह खिडकीशी धरली. पहिल्या सहा चौकटींत पक्षी कोऱ्या काचेसारखे, म्हणजे छापले की काळे. आणि सातवीपासून पुढे मानेवरची सावली, चोचीचा बाक, सगळं जागच्या जागी. मी खुर्चीत बसले आणि एकटीच हसत सुटले. तुम्ही कॅमेरा पुसत नव्हतात. चाक परत फिरवत होतात! तीस चांगले फोटो हाताशी असताना तुम्ही काचेत लावलात तो चौथा, माझा. का ते भिंग लावल्यावर दिसलं. भगभगीत आभाळाला भुलून यंत्राने शटरचा वेग इतका वाढवला होता की पंखाच्या टोकाचं पीस न् पीस स्पष्ट आलं होतं. तुमच्या अडीचशेवर पंख जरासे हललेत. तुम्हाला तो फोटो आवडला होता, आण्णा, आणि मामांपुढे ते कबूल करणारे तुम्ही नव्हेत. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. गुडघा तो गुडघाच होता.

स्टुडिओ बंद केल्यापासून तो फोटो माझ्या बैठकीत आहे. इतकी वर्षं कुणी विचारलं की मीही तेच सांगत आले, वडिलांचा हात चुकला. तुम्ही माझ्यासाठी बोललात ते मी तुमच्यावरच ढकलत राहिले, याची लाज वाटते. काल शेजारच्या वहिनी आल्या, तेव्हा पहिल्यांदा खरं सांगितलं, की चाक मी फिरवलं होतं. त्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "मग फोटू तुमचाच की वो!"

हा कागद आता घडी करून त्या रोलच्याच डब्यात ठेवते. एवढंच कबूल करायचं होतं, की मी वहिनींना नाही म्हटलं नाही.