गोठ्याच्या दाराची कडी

चि. आदिनाथ यास,
तेलगावहून अनेक आशीर्वाद.

रस्त्यावरचे कुत्र्याचे पिलू आमच्याकडे सोडून तू पुण्यास गेलास. त्यास लस दिलेली नाही, हे सांगितले नाहीस. पिलास रोग निघाला. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "माणसाला धोका नाही, पण तुमच्या राजाला लागेल. दोन्ही कुत्री वेगळी ठेवा." पिलू गोठ्यात ठेवले आणि घरात देवी आल्यावर बांधतात, तसा मी गोठ्याच्या दारास लिंबाचा डहाळा बांधला. शेजारचा पाशा हसला, "चाचा, राजाला लिंब कळतो काय? कडी लावा की." चौथी शिकलेल्या माणसास हा दार लावणे शिकवितो! मी कडी लावली नाही.

काल राजा पिलाजवळ निजलेला आढळला. आज त्याने भाकरीस तोंड लावले नाही.

दोष सर्वस्वी तुझा आहे. कडी आता लावली आहे. ते तुला कळवावे किंवा कसे, हे ठरेपर्यंत पत्र टपालात टाकणार नाही.

तुझा पिता,
अर्जुनराव