जाताना एक तास जास्त

आई, मागच्या आठवड्यात मी लंडनहून परत आले. लेकीकडे गेले होते. तुला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी मुंबईला उतरल्यावर पहिल्यांदा तुलाच सांगावंसं वाटलं, कारण तू विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर मला या वेळी मिळालं.

नोकरीतल्या ट्रेनिंगसाठी मी पहिल्यांदा लंडनला गेले, तेव्हा विमान हलायच्या आधी एक फोन आणि उतरल्याबरोबर एक, असं तू माझ्याकडून कबूल करून घेतलं होतंस. येतानाही तसंच. मला वाटलं, काळजीपोटी. परतल्यावर मी पुणतांब्याला तुझ्याकडे आले. तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस, मी पाटावर बसून जेवते आहे, आणि तू विचारतेस, "जाताना तुला साडेनऊ तास लागले, येताना साडेआठ. जाताना मधी कुठं थांबली हुतीस?" मी म्हटलं, तिथलं घड्याळ वेगळं असतं. "तिथलं न्हाई गं, मी आपल्या भितीवरचं बघितलं." उठून कॅलेंडर आणलंस. चारही फोनांच्या वेळा पेन्सिलीनं लिहिलेल्या. "वाट तीच, इमान तसलंच. मग यो एक तास गेला कुठं?" शेजारी वहिनी ऐकत होती. मी फटकन बोलले, "सात हजार किलोमीटरची गोष्ट आहे ती, आई. तुला नाही कळायचं." तू "बरं" म्हणालीस आणि तव्यावरची भाकरी उलटलीस. माझ्यापुढे तो विषय पुन्हा कधी काढला नाहीस.

या वेळी येताना समोरच्या पडद्यावर उरलेला वेळ दिसत होता आणि तो पुन्हा साडेआठ तासांच्याच आसपासचा. जेवण द्यायला आलेल्या मुलीला मी विचारलंच. ती हसून म्हणाली, "वर खूप उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. लंडनला जाताना तो समोरून येतो, भारतात येताना पाठीशी असतो." एवढंच! मी उरलेला सगळा प्रवास खिडकीला नाक लावून तो वारा शोधत बसले. पंख तर जागचे हलत नव्हते. एवढा वारा, आणि दिसत काहीच नाही.

पुणतांब्याला आल्यावर वहिनीला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, "वन्सं, हे तर आईंनी तवाच सांगितलं हुतं." मग कळलं, की मी गेल्यावर तू एसटीच्या कंडक्टरला विचारलंस, शाळेतल्या गुरुजींना विचारलंस. कुणाला सांगता येईना. आणि एका संध्याकाळी कडब्याचा भारा दारात टाकून हसत म्हणालीस, "घावलं गं! भारा घिऊन वाऱ्यासमोर चाललं की बांध लांब हुतो. वारा पाठीवर आसला की घर लवकर येतं. वरबी वारा आसंल." वहिनी म्हणाली, "मग वन्संला फोन करून सांगा की." तर तू म्हणालीस, "नगं. तिला ठावंच आसंल."

वहिनीपुढे मी नुसती मान डोलावली. हा कागदही घडी घालून कपाटात ठेवीन, कुणाला दाखवायची छाती नाही. आई, मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी चुलीपुढे मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी तुला म्हणाले, तुला नाही कळायचं.