तंबाखू : नाही

३ नोव्हें., सोम.
कन्नडकडच्या कौसाबाई आल्या. खालचा दात हलतो. ओठ उलटला तर आत उजवीकडे पांढरा चट्टा. करंगळीच्या नखाएवढा, खरखरीत, मधे लालसर. बोट फिरवलं. दुखत नाही म्हणाल्या.

दोन वर्षांपूर्वी याच खुर्चीत त्यांची वरची दाढ मी काढली होती. कार्डावर माझंच अक्षर : 'तं. – नाही'. खालची 'तोंडाची आतली तपासणी' ही ओळ कोरी.

परत विचारलं, "मावशी, तंबाखू खाता का?"
"नाय बाई. बायामाणसानं तंबाखू खावी व्हय?"
"मग दात कशानं घासता?"
"मिश्रीनं. सकाळी, जेवल्यावर, शेरडं घरी आणल्यावर."

त्या गेल्यावर शबाना, बारा वर्षं माझ्या हाताखाली काम करणारी, म्हणाली, "मिशरी कू तंबाखू कौन बोल्ता, मॅडम. वो तो मंजन है."

कौसाबाई निघण्याआधी त्यांच्या दाताची टोचणारी कड घासून दिली होती. मिश्री बंद करा, दोन आठवड्यांनी या, चट्टा तसाच असला तर तुकडा काढून तपासू, असं सांगितलं. त्यांना किती कळलं, शंका.

४ नोव्हें.
दुपारी जुनी कार्डं काढून बसले. खेड्यातल्या बायकांच्या कार्डांवर ओळीनं 'तं. – नाही'. सगळ्यांनी खरंच सांगितलेलं. प्रश्नच चुकलेला.

मला माहीत नव्हतं असंही नाही. आई मिश्रीसाठी तव्यावर तंबाखू भाजायची तेव्हा दार उघडं धरून मीच खोकत उभी असायचे. कॉलेजच्या मैत्रिणी घरी आल्या की तिची डबी मीच लपवायचे. खुर्चीशेजारी उभी असताना 'मिश्री' हा शब्द तोंडात का येत नाही, त्याचं कारण बहुधा हेच.

की हेही सोयीचं कारण? बाहेर चार माणसं बसली होती, दाढ काढायची होती, काढली. एवढंच असेल.

१७ नोव्हें., सोम.
कौ. आल्या नाहीत. सुनेच्या फोनवर लावला.
"डाक्टरीणबाई, कापूस येचाया चाललेय. दुखत नाय, काय नाय."
"मिश्री?"
"कमी केलीया."
"आणि चट्टा?"
"त्यो हाय की जागेवर. त्याचं काय."

दुखलं असतं तर धावत आल्या असत्या. किती घाबरवावं? कमी घाबरवलं तर येणार नाहीत, जास्त घाबरवलं तरी येणार नाहीत. फोनवर 'कर्करोग' हा शब्द उच्चारला नाही. भित्रेपणा की शहाणपणा, अजून ठरत नाही.

२३ नोव्हें., रवि.
कन्नडला जाऊन आले. शबाना काल म्हणाली होती, "अब हर पेशंट के गांव कू जाते क्या?" हिच्याच, म्हटलं.

एसटी, पुढं जीप. कौ. अंगणात नव्या शेळीचं तोंड उघडून बघत होत्या. बसमध्ये घोकलेलं वाक्य उभ्याउभ्याच बोलून टाकलं : "मावशी, मागं दाढ काढली तेव्हा मी तुमचं तोंड आतून नीट बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर कदाचित तेव्हाच दिसलं असतं. कदाचित नसतंही." शेवटचं वाक्य त्यांच्यासाठी होतं की माझ्यासाठी?

शेळी सोडली त्यांनी. म्हणाल्या, "म्या शेरडू घेते तर नुसतं दात मोजत नाय. व्हट उलटिते, जीभ धरून बघते. खुरकूत निघालं तर समदी शेरडं आजारी पडत्यात. तुमी येवढं शिकल्या, अन् नुसती दाढ बघितली व्हय?"

सून म्हणाली, "आत्याबाई, असं नका बोलू." मी म्हटलं, बोलू दे.

"आता काय म्हणता मग?"
"तुकडा काढून तपासू."
"दुखंल?"
"सुई टोचताना."
"अन् त्यानं बरं व्हईल?"
"ते तपासल्यावरच कळेल."
"जरा खोटं तरी बोला की," म्हणाल्या आणि हसल्या. हसताना ओठ ताणला, चट्ट्याची कड दिसली. आता मला तेवढंच दिसतं.

निघताना मोठ्या दवाखान्याची वेळ सुनेकडून लिहून घेतली. 'कर्करोग असू शकतो' हे अगदी शेवटी सांगितलं. कौ. म्हणाल्या, "कळलंय मला. उगीच कोण एसटीनं येतंय."

२७ नोव्हें., गुरु.
मोठ्या दवाखान्यात कौ.च्या चट्ट्याचा तुकडा काढला. शेजारी बसले होते. माझं तिथं काही काम नव्हतं. मिश्रीची डबी कुठंय, विचारलं. "शेरडांच्या गोठ्यात. फेकली नाय. हात जातो अजून."
रिपोर्टला आठवडा.

उस्मानपुऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात परतल्यावर कोऱ्या कार्डांवर 'तंबाखू' पुढं हातानं 'मिश्री' लिहायला बसले. शबानानं पेन घेतला. म्हणाली, अक्षर माझं बरं आहे. खरं आहे. आज तिनं चार बायकांना विचारलं, तिघी 'हो' म्हणाल्या. चौघींचे ओठ उलटून बघितले. आज काही नाही.

४ डिसें., गुरु.
सकाळी कौ.चा फोन. रिपोर्ट मुलानं काल आणला. पाकीट देव्हाऱ्यापाशी ठेवलंय, फोडलेलं नाही. मुलगा फोडत होता, त्याच्या हातातून घेतलं म्हणाल्या.

"उद्या येते. जावंला बी आणते. तीबी तीस वर्षं मिश्री लावती."
"या. पाकीट विसरू नका."
"आणते की. पर आधी तिचा व्हट उलटून बघा, नीट. मंग माझं फोडू."