वजन न झालेली मुलं

१७ जानेवारी १९५७, गुरुवार
गणिताच्या मशीनची मूठ फिरवून मनगट भरून आलं. एका रकान्यात आयांचं बाळंतपणाआधीचं वजन, दुसऱ्यात मुलांचं सहा महिन्यांचं. आई भरलेली तर मूल भरलेलं, हे दवाखान्यात कुणालाही विचारा. पण मुंबईची संस्था गरोदर बायकांना दूध पावडर देत राहणार ती आकडे बघून. दोन रकान्यांतला सहसंबंध, म्हणजे 'आर' हा आकडा, सार्थ निघाला, नुसता योगायोग नाही असं ठरलं, तर चिखली, थेरगाव, रावेत, तिन्ही केंद्रं चालू. नाही तर मार्चअखेर बंद.
दवाखान्याचे डॉक्टर सारखे डोकावून जातात. "काय म्हणतोय तुमचा आर, कुमुदताई?"
"अजून बोलत नाही."
वहिनीनं शेंगोळे केले होते. जेवण गेलं नाही.

२१ जाने., सोम.
आर आला. छोटा आला. दिशा बरोबर, पण कोष्टकात पाच टक्क्यांच्या पातळीला पोचत नाही. एवढा संबंध नुसत्या योगायोगानंही दिसला असता. परत फिरवून बघितलं, तोच.
डॉ.नी आकडे स्वतः तपासले. मग, "जे आहे ते लिहायचं." आवाज कोरडा.

२४ जाने., गुरु.
नर्स सुशीलाबाईंबरोबर चिखलीला. केंद्रावर अंजना भेटली. काटकुळी, विशीतली. तिचा मुलगा नामा दिवाळीच्या आधी हगवणीनं गेला. जावेच्या पोरीला घेऊन आली होती.
"ताई, तुमी पोरांची वजनं लिवून नेता. माजा नामा हाय का त्यात?"
'आहे' म्हणावं असं अगदी ओठावर आलं. म्हटलं, "नाही गं. सहा महिन्यांचं वजन झालं, तीच मुलं धरलीत."
"व्हय. त्यो काय तवर ऱ्हायला न्हाई."
पोरीचं नाक पुसलं.
 

२५ जाने., शुक्र.
बाद केलेली कार्डं काढून बसले. आधीच गेलेली मुलं. आम्ही त्यांना 'अपूर्ण' म्हणतो. त्यांच्या आया बहुतेक सगळ्या हलक्या. म्हणजे ज्यांच्यात संबंध सगळ्यात ठळक, त्याच बाजूला काढल्या आणि उरलेल्यांत शोधत बसलो. आर छोटा येणार नाही तर काय.
पण मेलेल्या मुलाचं वजन काय धरू? शून्य? शून्य हेसुद्धा वजनच झालं.


२८ जाने., सोम.
डॉ.शी वाद. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
"सहा महिन्यांचं वजन नसेल तर बाद, हा नियम आपण आधीच ठरवला. आता उत्तर आवडलं नाही म्हणून बदलायचा? दुसऱ्या कुणी असं केलं तर त्याला आपण लबाड म्हणू."
"पण डॉक्टर, ती मुलं हेच उत्तर आहे."
डॉ. चष्मा काढून डोळे चोळत राहिले. त्यातली काही यांच्या हातातच गेलेली. बोलून गेल्यावर आठवलं मला.
दोघंही बरोबर आहोत. तेच जड जातंय.

४ फेब्रु., सोम.
तोडगा, की नुसती समजूत? मूळ निष्कर्ष तसाच: सार्थ संबंध आढळला नाही. खाली वेगळा परिच्छेद. गेलेल्या मुलांच्या आया कशा हलक्या होत्या, हा प्रश्न आम्हांला नंतर सुचला हेही स्पष्ट लिहिलं. 'स्वतंत्रपणे तपासावे.'
डॉ.नी सही केली. "खालचं कोण वाचतं, कुमुदताई."
अहवाल मुंबईला टपालात टाकला.

२७ फेब्रु., बुध.
संस्थेचं उत्तर. 'संबंध नसल्याचे सिद्ध झाल्यामुळे...' सिद्ध! आढळला नाही म्हणजे नाहीच, असं कुठे लिहिलं होतं? खालच्या परिच्छेदाबद्दल अक्षर नाही.
घरी येऊन रडले. दुःखानं की रागानं, कळेना. वहिनी चहा ठेवून गेली.
डॉ. स्वतः मुंबईला जातो म्हणतात.

३० मार्च, शनि.
डॉ. मुंबईहून आले. 'समितीपुढे ठेवू', एवढंच पदरात. थकलेत फार.
सोमवारपासून तिन्ही केंद्रं बंद; आज चिखलीला गेलो. सुशीलाबाईंनी बायकांना सांगितलं. कुणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
अंजना थांबून राहिली होती. तिला दिवस गेलेत.
"वजन घ्या की ताई."
अभ्यास संपला, असं सांगणार होते. काट्यावर उभं केलं. मागच्या खेपेपेक्षाही कमी.
"किती भरलं?"
सांगितलं.
"बरं हाय का?"
सुशीलाबाई माझ्याकडे बघत होत्या. कोरं कार्ड काढून तिचं नाव लिहिलं. म्हटलं, "वाढवू आपण."
कशाच्या जिवावर म्हटलं...